शून्याची पायरी

आमच्या घरात सगळ्यात जास्त मान कोणाला, असं कोणी विचारलं तर उत्तर सोपं आहे. पुढच्या दारातल्या पायरीला. त्या दगडी पायरीच्या कडेला छिन्नीने कोरलेली, करंगळीएवढी एक आडवी रेघ आहे. तिचं नाव शून्य. घर बांधून झालं त्या दिवशी माझ्या सासऱ्यांनी ती स्वतःच्या हाताने कोरली आणि तेव्हापासून या घरातली प्रत्येक वस्तू तिच्यापासून मोजली जाते. माळा शून्याच्या वर साडेनऊ फूट. कपडे वाळत घालायची तार शून्याच्या वर सहा फूट दोन इंच. मी पहिल्यांदा या घरी आलो तेव्हा आत्ताची माझी बायको फाटकातच कुजबुजली होती, "बाबा उंची विचारतील. हसू नकोस." मी हसलो. पाच मिनिटांनी मी त्या पायरीशी ताठ उभा होतो आणि सासरे टेप धरून वाकले होते.

सासऱ्यांनी चौतीस वर्षं रस्त्यांच्या खात्यात लेव्हल घेण्याचं काम केलं. म्हणजे रस्ता कुठे चढतो, कुठे उतरतो, पाणी कुठून कुठे जाईल, हे दुर्बिणीतून बघून वहीत उतरवायचं. खात्याचे रस्ते पुढे कसे झाले ते आपण सगळे जाणतोच. सासऱ्यांच्या मते लेव्हल बरोबरच होती, रस्त्यांनी ऐकलं नाही. गल्लीत त्यांना तोंडावर लेव्हलसाहेब म्हणतात आणि पाठीमागे नुसतं लेव्हल.

मी सुतार. नवीन कपाट आता कोणी सुताराकडून करून घेत नाही, म्हणून दारं-खिडक्या दुरुस्त करतो. अकरा वर्षांपूर्वी लग्न झालं, भाड्याची खोली सुटली, आणि "थोडे दिवस" म्हणून मी सासऱ्यांकडे राहायला आलो. मागच्या पडवीत माझं काम चालतं. घरजावयाला मत असायला कोणाची हरकत नसते. फक्त घरात शिरताना त्याने ते चपलांबरोबर बाहेर काढून ठेवावं, एवढीच माफक अपेक्षा असते. मी ती मनापासून पाळत आलो.

दर वर्षी पावसाचे दिवस जवळ आले की एका रविवारी मोजणी होते. खात्याची दुर्बीण खात्याकडे राहिली, घरच्या मोजणीला प्लास्टिकची लांबलचक पारदर्शक नळी. तिच्यात पाणी भरायचं. एक टोक सासऱ्यांच्या हातात, शून्याच्या रेघेवर. दुसरं टोक घेऊन मी फाटकाशी, दिव्याच्या खांबाशी, समोरच्या घराच्या पायरीशी, कुंपणावरून ओणवं होऊन शेजारच्या जोत्याशी, असं सात ठिकाणी जायचं. दोन्ही टोकांत पाणी एकाच उंचीला थांबतं, त्यामुळे कोण शून्याच्या किती वर आणि कोण किती खाली ते टेपने मोजता येतं. "पाणी खोटं बोलत नाही," असं सासरे दर वेळी म्हणतात आणि म्हणताना माझ्याकडे बघतात. सासूबाई खुर्ची टाकून मांडीवर वही घेऊन बसतात. ठिकाण, गेल्या वर्षीचं माप, यंदाचं माप, फरक, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. मापं सुतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सासऱ्यांत आणि माझ्यात ही एवढीच भाषा समान आहे.

या वहीतून गेल्या बावीस वर्षांत एक भयंकर गोष्ट उघडकीला आली होती. सगळं जग वर चाललं होतं. फाटक दर वर्षी सूत-दीड सूत वर येत होतं. रस्ता वर येत होता. समोरच्यांची पायरी वर येत होती. दिव्याचा लोखंडी खांब, ज्याला वर येण्यात काडीचाही फायदा नाही, तोसुद्धा वर येत होता. आमचंच मागचं अंगण वर आलं तेव्हा सासऱ्यांनी झाडाच्या मुळांना दोष दिला आणि झाड तोडून टाकलं. पुढच्या वर्षी अंगण आणखी सूतभर वर आलं. तेव्हा तुटलेल्या मुळांना दोष दिला.

सासरे हात बांधून बसणाऱ्यांतले नव्हेत. रस्ता बेकायदा उंच होत असल्याबद्दल त्यांनी आपल्याच जुन्या खात्याला एकोणीस पत्रं लिहिली. एकाचं उत्तर आलं, त्यात पत्र मिळाल्याचं कळवलं होतं. आणि शेजारचे घड्याळजी, म्हणजे आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला, डोळ्याला भिंग लावून मुंगीशीही अदबीने बोलेल असा माणूस, त्यांच्यावर गुपचूप भराव टाकून जोत्याभोवतीची जमीन उंच केल्याचा आरोप ठेवला. घड्याळजी म्हणाले, "साहेब, मी कुंडीत घालायला लागते तेवढी मातीसुद्धा विकत आणतो." सासऱ्यांनी वही उघडून दाखवली. आकडे होते. आकड्यांपुढे घड्याळजी काय बोलणार. त्याला नऊ वर्षं झाली, दोन्ही घरांत बोलणं बंद आहे. मी मात्र चोरून नमस्कार करतो, कारण माझं मनगटी घड्याळ त्यांच्याशिवाय कोणाला ऐकत नाही.

आता पाण्याची गोष्ट. छपराचं सगळं पाणी पन्हळीतून एका नळात आणि नळातून थेट पुढच्या पायरीच्या बाजूला उतरतं. तिथून सिमेंटची नाली फाटकापर्यंत जाते. योजना अर्थातच सासऱ्यांची. घर बांधलं तेव्हा नालीला फाटकाकडे बरोबर तीन इंच उतार होता. अंगणभर सिमेंट आहे, कारण माती म्हणजे बेशिस्त, असं त्यांचं मत आहे. पाऊस पडला की छपराचं पाणी शिस्तीत पायरीशी यावं, शिस्तीत नालीत वळावं आणि शिस्तीत रस्त्यावर जावं. वीस वर्षं ते तसं गेलंही असावं. गेल्या दोन वर्षांपासून ते फाटकापर्यंत जाऊन विचार बदलायचं आणि परत घराकडे यायचं.

हे एरवी गमतीत गेलं असतं. पण गेल्या वर्षी सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. जिना बंद झाला. पुढच्या दाराला लागून सासऱ्यांचं जुनं ऑफिस होतं, ती खोली त्यांना दिली. पलंग, खिडकी, मोरी सगळं एका पातळीवर, वॉकर घेऊन दहा पावलांत. खिडकीतून अख्खी गल्ली दिसते. कोणाकडे पाहुणे आले, कोण कोणाशी बोलेनासं झालं, कोणाच्या सुनेने केस कापले, सगळं सासूबाईंना बसल्या जागी कळतं, आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदा त्या बऱ्या दिसायला लागल्या त्या याच खिडकीमुळे. फक्त मोठा पाऊस आला की दाराच्या फटीतून पाणी आत यायचं आणि पलंगाखाली पसरायचं. ओल्या फरशीवर वॉकर सटकतो. एकदा सटकला. नशिबाने त्या पलंगावर बसल्या.

सासऱ्यांनी नळी काढली, मोजलं आणि निष्कर्ष सांगितला. फाटक आता शून्याच्या दोन सूत वर आलं होतं. म्हणजे वर आलेल्या रस्त्याचं पाणी आपल्या घरात घुसतंय. उपाय काय? फाटकात आडवा बांध.

"जावईबापू," ते म्हणाले. काम असलं की मी जावईबापू असतो. "चार बोटं उंच घाला. विटा मागे पडल्यात."

मी विटा लावल्या, सिमेंट थापलं, फाटकात चार बोटं उंचीचा देखणा बांध घातला. मत चपलांबरोबर बाहेर होतं. मंगळवारी दुपारी धो धो पाऊस आला. छपराचं पाणी नळातून उतरलं, नालीतून बांधापर्यंत गेलं, बांधाने ते इमानदारीने अडवलं, आणि सगळंच्या सगळं पाणी सासूबाईंच्या खोलीत आलं. मी आणि बायको बादल्यांनी उपसत होतो. सासूबाई पाय वर घेऊन पलंगावर बसल्या होत्या, खिडकीतून बाहेर बघत.

"बाहेरचा रस्ता कोरडा होत आला," त्या म्हणाल्या. "पाणी बाहेरून येतंय ना?"

सासरे बांधाकडे बघत होते. त्यांनी बांध दोन बोटं आणखी उंच करायचं ठरवलं असावं.

संध्याकाळी थोरल्या मेहुणीचा फोन आला. तिला धाकटीने, म्हणजे माझ्या बायकोने, सगळं सांगितलंच होतं. थोरली लांबच्या शहरात अकराव्या मजल्यावर राहते आणि बोलते तीसुद्धा तेवढ्याच उंचीवरून. फोन स्पीकरवर होता.

"आई, मी रविवारी गाडी घेऊन येतेय. खोली कोरडी असली तर जेवून परत जाईन. ओली असली तर तुझी बॅग भरलेली हवी. पडलीस तर दुसरा खुबा कुठून आणायचा?"

"आणि ह्यांचं काय?" सासूबाईंनी विचारलं.

"बाबांचं तुला काय करायचंय? त्यांना पायरी आहे."

सासरे तिथेच उभे होते. चष्मा पुसत राहिले. त्या दोघांच्या लग्नाला सेहेचाळीस वर्षं झालीत. एवढ्या वर्षांत ते एकमेकांपासून वेगळे राहिले ते फक्त सासऱ्यांच्या कामाच्या दौऱ्यांपुरते. फोन ठेवल्यावर सासूबाई माझ्या बायकोला एवढंच म्हणाल्या, "तिच्याकडे सगळं आहे गं. पण खिडकीतून खाली बघितलं की माणसांची टाळकी दिसतात. तोंडं दिसत नाहीत." आणि मग त्यांनी बॅग काढायला सांगितली. बायको बॅग भरताना रडली. मला सासऱ्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त राग आला त्या विटा मी मुकाट्याने लावल्याचा.

बुधवारी सासऱ्यांनी खास मोजणी काढली. थोरलीला रविवारी पुरावा दाखवायचा होता, की दोष घराचा नाही, खात्याचा आहे. सातही ठिकाणं पुन्हा वर आली होती. गेल्या वर्षीपेक्षा प्रत्येक ठिकाणी दोन सूत. सासरे जवळजवळ खूश झाले. "बघा," ते मला म्हणाले, "एकही अपवाद नाही." मग त्यांनी वही माझ्या हातात दिली. बावीस वर्षांचे आकडे स्वच्छ कागदावर उतरवून काढायचे होते, विसाव्या पत्राला जोडायला. सासूबाईंनी ते काम करायला या वेळी नकार दिला होता. बॅग भरायची आहे म्हणाल्या.

गुरुवारी सकाळी मी पडवीत पाटावर वही ठेवून बसलो. माझं अक्षर बरं आहे. पहिल्या वर्षाच्या पानावर शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, "ऊन." दुसऱ्या वर्षी: "सगळं सारखंच सूतभर वर. आपलीच पायरी खचत असेल का?" तिसऱ्या वर्षी: "सांगितलं. म्हणाले, तू फक्त लिही."

पेन माझ्या हातातच राहिलं. मी पानं उलटत गेलो. चौथ्या वर्षी फक्त "पायरी." पाचव्या वर्षी "पायरी." पुढे एकदा, "पायरी. झाड उगाच तोडलं." पुढे, "पायरी. जावयाने नळी धरली. त्यालाही कळलं नाही." त्याच्या पुढे, "पायरी. घड्याळजींशी भांडण. त्यांचा काही दोष नाही." मग, "पायरी. पुढचं दार पुन्हा रंधलं."

पुढचं दार मी रंधलं, म्हणजे रंधा मारून तासलं होतं. गेल्या दहा वर्षांत चार वेळा, आणि चारही वेळा वरच्या एकाच कोपऱ्यात. लाकूड फुगतं, असं मी प्रत्येक वेळी ऐटीत सांगितलं होतं. मी उठून पुढे गेलो आणि चौकटीला ओळंबा लावला. चौकट पायरीच्या बाजूला झुकली होती. दारं हा माझा धंदा आहे. लोक मला त्याचे पैसे देतात. मला तिथेच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, आणि त्या जागी ते सहज शक्य होतं.

मी सासूबाईंच्या खोलीत गेलो. त्या औषधांच्या पट्ट्या मोजून डबीत भरत होत्या.

"आई, हे शेरे..."

"वाचलेत?" त्यांनी वर बघितलं. "बावीस वर्षांत तुम्ही पहिले."

"बोलला का नाहीत तुम्ही?"

"बोलले की. लिहिलंय ना तिसऱ्या वर्षी. नंतरही तीन-चार वर्षं बोलले. मग तोंड दुखलं. लिहिणं माझं काम होतं, वाचणं त्यांचं."

"ते वाचतच नाहीत शेरा?"

"त्यांना वाटतं मी ऊन आणि ढग लिहिते."

"मी सांगू त्यांना?"

त्यांनी डबीचं झाकण लावलं. "तुमच्याकडून ऐकणार नाहीत. वही द्या. वही त्यांची स्वतःची आहे."

सासरे अंगणात बांधाशेजारी उकिडवे बसून, तो आणखी किती उंच करावा याचा विचार करत होते. मी वही त्यांच्यापुढे धरली, तिसऱ्या वर्षाच्या पानावर बोट ठेवून. घरात राहायला आल्यापासून मी त्यांना पहिल्यांदाच काही दाखवत होतो. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. वाचलं. दुसऱ्या वर्षाचं पान वाचलं. पुन्हा तिसरं. पुढची पानं उलटली नाहीत. मला वाटलं आता आवाज चढणार. पण त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "पेन्सिल."

मी कानामागची दिली. त्यांनी पहिल्या पानावरचे दोन आकडे लिहून एकातून दुसरा वजा केला, मग वहीच्या शेवटच्या पानावरचे दोन आकडे लिहून तसंच केलं. घड्याळजींचं जोतं आणि दिव्याचा खांब, यांच्यातला फरक. पहिल्या वर्षी अकरा सूत. यंदा अकरा सूत. दोघेही वर चढत होते आणि बावीस वर्षांत एकमेकांच्या पुढे सूतभरही गेले नव्हते. एखाद्या शहाण्या माणसाला एवढं पुरलं असतं. सासऱ्यांना पुरलं नाही. त्यांनी नळी उचलली आणि चालत घड्याळजींच्या फाटकाशी गेले. मी मागे.

घड्याळजींनी दार उघडलं. नऊ वर्षांनी लेव्हलसाहेब दारात, हातात पाण्याची नळी.

"या. माती मोजायला आलात?"

"तुमचं जोतं मोजायचंय," सासरे म्हणाले. "आमच्या पायरीपासून नाही. खांबापासून."

घड्याळजींनी काही न विचारता नळीचं एक टोक जोत्यावर धरलं, भिंग डोळ्याला लावलं आणि पाण्याची रेघ अशी वाचली की मला माझ्या अकरा वर्षांच्या वाचनाची लाज वाटली. अकरा सूत. केसभर कमी नाही, केसभर जास्त नाही.

"म्हणजे मी माती टाकली नव्हती?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"बरं झालं कळलं. मलाही शंका यायला लागली होती."

सासरे नळी गुंडाळत होते. ती दोनदा उलटी गुंडाळली गेली. "चुकलो मी," ते म्हणाले, आणि ते नळीकडे बघून म्हणाले असले तरी घड्याळजींनी ते स्वतःसाठी धरलं.

शुक्रवारी सासऱ्यांनी हातोडा आणि छिन्नी मागितली. मी करतो म्हणालो, तर नको म्हणाले. आधी बांध फोडला. माझा बांध, तीन दिवस जगला. मग पायरीशेजारचं सिमेंट फोडलं. खालून माती दिसायला हवी होती, तिथे काळोख दिसला. बावीस वर्षं छपराचं पाणी त्याच जागी उतरत होतं, सिमेंटच्या चिरेतून खाली झिरपत होतं आणि जाताना थोडी थोडी माती घेऊन जात होतं. सासऱ्यांनी पायरीखाली हात घातला. हात कोपरापर्यंत आत गेला. ते तसेच बसून राहिले, हात आत. खिडकीतून सासूबाई बघत होत्या. सव्वीस सूत, म्हणजे सव्वातीन इंच जग वर आलं होतं, ते सगळं त्या भोकात होतं.

पुढचं काम सुताराचं आणि घड्याळजींचं. मी नळ पायरीच्या वरच कापला आणि नवा तुकडा लावून कुंपणाकडे वळवला. घड्याळजी म्हणाले, त्यांचा फुलझाडांचा वाफा कुंपणालगतच आहे, वीतभर खोल आहे आणि उन्हाळाभर तहानलेला असतो, पाणी तिकडेच सोडा. कुंपणाच्या भिंतीला खाली भोक पाडलं. आमच्या बाजूला सिमेंटचा चांगला रुंद पट्टा उखडून खड्डा खणला, त्यात दगड-विटांचे तुकडे भरायचे ठरले, म्हणजे पाणी आधी तिथे जिरेल आणि उरलेलं वाफ्यात जाईल. अंगणात पहिल्यांदा माती दिसली. सासऱ्यांनी तिच्याकडे बघितलं आणि बेशिस्तीबद्दल एक शब्द काढला नाही.

शेवटी पायरी काढली. खाली भराव घालायचा तर ती काढणं भागच होतं. दगड मधोमध दुभंगला. रेघ असलेला तुकडा मी बाजूला ठेवला होता, मला वाटलं ते कपाटात काचेमागे ठेवतील. त्यांनी तो उचलला, अंगठ्याने रेघ चाचपली, आणि बाकीच्या तुकड्यांबरोबर खड्ड्यात टाकला.

शनिवारी दुपारी पाऊस आला. मंगळवारसारखाच. आम्ही सगळे सासूबाईंच्या खोलीत पलंगाभोवती बसलो आणि फरशीकडे बघत राहिलो. दीड तास. घड्याळजी कुंपणापलीकडून मधूनमधून ओरडून सांगत होते, "येतंय! इकडे येतंय!" दाराच्या फटीतून काही आलं नाही. फक्त पायरीच्या बाजूच्या कोपऱ्यात भिंतीच्या बुडाशी तळहाताएवढी ओल उमटली. सासऱ्यांनी पेन्सिलीने तिच्याभोवती रेघ मारली. सवय जात नाही.

रविवारी थोरली आली. फाटकातून दारापर्यंत आली आणि एक पाय हवेत धरून थांबली.

"पायरी कुठे गेली?"

"खड्ड्यात," सासूबाई खिडकीतून म्हणाल्या.

मी तिला फळीवरून आत घेतलं. तिने खोली बघितली, पलंगाखाली वाकून बघितलं, आणि तो कोपरा तिला दिसलाच. ओल आता पेन्सिलीच्या रेघेच्या आत आली होती, पण होती. थोरली म्हणाली, "आई, ही ओल आहे. मी सांगितलं होतं. बॅग भरली आहेस ना?"

बॅग दाराशीच होती. सासऱ्यांकडे कोणी बघेना. तेच पुढे झाले आणि थोरलीला म्हणाले, "तिला विचार." मग स्वतःच वळून सासूबाईंना म्हणाले, "भिंत अजून ओली आहे. महिनाभर राहील. कोपरा किंचित खचलाय, तोही बघावा लागेल. पुन्हा पाणी येणार नाही असं मला वाटतं. पण मला वाटणं..." ते थांबले. "तुला काय वाटतं?"

सासूबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मला वाटतं हा प्रश्न त्या ओळखत नव्हत्या.

"वही आणा," त्या म्हणाल्या.

मी आणली. सासऱ्यांनी खुर्ची ओढली, पेन उघडलं आणि नवं पान काढलं. "सांग. शेऱ्यात काय लिहू?"

"लिहू नका. वाचा. पहिल्यापासून सगळे शेरे. मोठ्याने."

सासऱ्यांनी पेन खिशाला लावलं. पहिलं पान काढलं. "ऊन," त्यांनी वाचलं. दुसरं वाचलं. तिसरं, "सांगितलं. म्हणाले, तू फक्त लिही." हे त्यांनी पुन्हा एकदा वाचलं. मग "पायरी." मग "पायरी." झाडाचं वाचलं. माझं वाचलं, थोरलीने माझ्याकडे बघितलं आणि मी चौकटीकडे. घड्याळजींचं वाचलं. दाराचं वाचलं. थोरली बॅगेच्या पट्ट्यावर हात ठेवून उभी होती, तो तिने केव्हा काढला कळलं नाही. शेवटच्या पानाशी सासरे आले तेव्हा त्यांना अक्षर दिसत नव्हतं, चष्मा काढून वही जवळ धरावी लागली.

"पायरी," त्यांनी वाचलं. "आता माझ्या खोलीत."

त्यांनी वही मिटली. सासूबाईंनी वॉकर जवळ ओढला, उभ्या राहिल्या आणि खिडकीशी गेल्या. बाहेर घड्याळजी वाफ्यात वाकून काहीतरी बघत होते.

"बॅग माळ्यावर टाका," त्या मला म्हणाल्या.

माळा शून्याच्या वर साडेनऊ फूट होता. आता किती, ते घरात कोणालाच सांगता आलं नसतं. मी शिडी आणायला गेलो.